विमानाचा चौथा हिस्सा

एका मंगळवारी सकाळी माझी पत्नी स्वयंपाकघरात कोसळली आणि दुपारी दवाखान्यात वारली. ती बँकेत नोकरी करत होती आणि सुट्टीच्या दिवशी विमान चालवत होती. ते विमान चौघांच्या मालकीचं होतं. त्यातला तिचा हिस्सा त्या दिवशी माझ्याकडे आला. मला विमान चालवता येत नाही.

पुढचे कित्येक महिने माझ्यापुढे एकच प्रश्न होता. विमान तसंच उभं ठेवायचं, सुटं करून विकायचं, की कुणाच्या तरी हाती देऊन पुन्हा उडू द्यायचं. बाकीचे तिघे माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि मी भिंतीकडे.

विमान म्हटलं की लोक जरा मागे सरकून बोलतात. वसईजवळ पापडीला आमच्या इमारतीत बऱ्याच जणांना ती अफवाच वाटायची. बाजारात नारळ कानाशी हलवून बघणारी, रिक्षाचे पैसे वाचवायला उन्हातून चालत येणारी बाई, आणि विमान? पण ते विमान होतंच तसं. दोन माणसांचं, पांढरं, जुनं. पंखाखाली हात घालून दोघांनी ढकललं की शहाण्या गाईसारखं मागे सरकायचं. तिच्या हिश्श्याची किंमत एखाद्या बऱ्या मोटारीइतकी होती. आम्ही मोटार घेतली नाही.

कॉलेजात असताना ती एनसीसीच्या हवाई शाखेत होती. तिथे तिला ग्लायडरमधून वर नेलं आणि ती पूर्णपणे खाली कधी आलीच नाही, असं मी तिला चिडवायचो. नोकरी लागल्यावर थोडं थोडं शिकून तिनं परवाना मिळवला. पुढे राजोडीला तिच्या माहेरच्या वाडीचा एक तुकडा विकला गेला आणि भावांनी तिला तिचा वाटा दिला. त्या पैशाचं काय केलं हे कळल्यावर माझ्या सासूबाई ओट्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "जमीन इकली नि पोरीनं हवा घेतली."

"हवा नाही गं, विमान घेतलंय," ती म्हणाली.

"तेच. हातात काय नाय."

मी ग्रंथपाल होतो. आमच्या घरातला उडणारा माणूस ती आणि वाचणारा मी, अशी वाटणी होती. विमान घ्यायचं ठरलं तेव्हा तिनं माझ्यापुढे उपकरणांच्या माहितीपत्रकांचा ढीग ठेवला. उंची सांगणारी, वाट दाखवणारी, वादळ आधी ओळखणारी यंत्रं. काळ्या तबकड्या, हिरवे आकडे. मी ती पत्रकं संध्याकाळी गच्चीत बसून वाचायचो. नारळींच्या शेंड्यांवरचा उजेड विझत जायचा आणि मला त्या तबकड्यांमधून अनोळखी प्रदेश दिसू लागायचे. एकदा मी विचारलं, "यातलं कुठलं घ्यायचं?"

"वाच तू," ती म्हणाली. "घ्यायचं काहीच नाही."

तिचं म्हणणं असं की विमान घेऊन मग त्यात यंत्रं बसवत जाणं हा सगळ्यांत महाग रस्ता. यंत्राची किंमत एकपट, तर बसवायची मजुरी, तपासणी आणि कागदपत्रं मिळून आणखी तेवढंच. शिवाय विकताना त्यातलं अर्धंही परत येत नाही. म्हणून आधीच्या मालकानं हौसेनं सगळं बसवलेलं विमान शोधायचं. त्याची हौस आपल्याला फुकटात पडते. नियमानं जे लागतं ते चांगलं हवं, रेडिओ स्वच्छ ऐकू यायला हवा. बाकीच्यासाठी खिडकी आहे, असं ती म्हणायची.

भुईगावचे एक गृहस्थ तिच्या बरोबरीनं हिस्सेदार झाले. विमानतळावरच्या हँगरमध्ये आयुष्य काढून निवृत्त झालेले इंजिनिअर. रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून ते आमच्याकडे चहाला येत आणि तिला 'बाय' म्हणत, मला 'सर'. उरलेले दोघे पुण्याचे, कारखानदार भाऊ. चौघांनी मिळून दोन विमानं नाकारली. पहिलं दिसायला नवंकोरं होतं, बरीच वर्षं झाकून ठेवलेलं, फारसं न उडालेलं. मला वाटलं, हेच घ्यावं. इंजिनिअर हसले.

"सर, कमी वापरलेली सायकल घ्या, कमी वापरलेली पुस्तकं घ्या. कमी उडालेलं विमान घेऊ नका. ते आतून झोपलेलं असतं."

त्यांनी बॅटरी आणि लहानसा आरसा घेऊन पंखांच्या पोटात एक अख्खी सकाळ घालवली. विकणाऱ्याच्या माणसानं दिलेला दाखला त्यांनी घडी करून खिशात ठेवला आणि वाचलासुद्धा नाही. घेण्याआधी आपला माणूस, आपल्या पैशानं, हे तिचं दुसरं सूत्र तिथूनच आलं. घेतलं ते तिसरं विमान. रंग उडालेला, खुर्च्या फाटलेल्या, पण दर आठवड्याला उडणारं. खुर्च्यांचं कापड तिनं दादरहून आणलं, ते लवकर पेट घेत नाही याचा दाखला दुकानदाराकडून घेऊनच.

विमान आमच्या जवळपास ठेवणं शक्य नव्हतं. मुंबईभोवतीचं आकाश मोठ्या विमानांचं, आणि जागेचं भाडं त्या आकाशासारखंच. आम्ही ते घाटापलीकडे एका माळावरच्या धावपट्टीवर ठेवलं, मोटारीनं पाच-सहा तासांवर. लांब पडतं म्हणून मी कुरकुरलो, तेव्हा तिनं मला आमच्या खिडकीच्या बिजागऱ्या दाखवल्या. समुद्राच्या वाऱ्यानं त्यांचा चुरा होत होता.

"खारा वारा माणसांना चालतो," ती म्हणाली. "विमानाला कोरडी हवा द्यायची. भाडं कमी आणि आयुष्य जास्त."

तरी वसईचं मीठ विमानापर्यंत एकदा पोचलंच. विमानावर घालायचं झाकण बाहेरून मागवलं असतं तर फार महाग पडलं असतं. तिनं ते टेम्पोच्या ताडपत्र्या शिवणाऱ्याकडून शिवून घेतलं आणि काचेला चरे पडू नयेत म्हणून आतून जुन्या सुती साड्यांचं अस्तर लावलं. उन्हाळ्यात ते धुवायला घरी आणलं. सासूबाई म्हणाल्या, तुमच्या मशिनीत मावायचं नाय, मी धुते. त्यांनी ते वाडीतल्या बावखलात, म्हणजे तिथल्या तळ्यात, मनापासून धुतलं. वैशाखात त्या तळ्याचं पाणी मचूळ होतं. मग समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्यावर दोरीला बांधून वाळवलं. आमच्याकडे कपडे, मासळी, चादरी सगळं त्याच वाऱ्यावर वाळतं. कुणाला काही वाटलं नाही. महिन्याभरानं झाकण काढलं तेव्हा पंखाच्या कडेला पांढरी भुकटी फुटली होती.

इंजिनिअरांनी बोटावर घेऊन बघितली. "कोणी धुतलं हे?"

"आईनं," ती म्हणाली.

"आईला सांगा, छान धुतलं. विमान खारवून दिलं."

ती भुकटी घासून, रंग लावून, निस्तरावी लागली. सासूबाईंना कळल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "आता इमानाला पन गोडं पानी लागतं? राजाची सून हाय का?" पण पुढच्या वर्षी झाकण धुताना त्यांनी स्वतःच टाकीचं पाणी मागितलं, आणि घरात पंख्याखाली वाळवलं.

तिची काटकसर अशी घरगुती होती. औषधांच्या बाटल्यांतून, चपलांच्या खोक्यांतून ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या पुड्या निघतात, त्या ती साठवायची. पावसाळ्याआधी एका जुन्या कढईत ते दाणे लाडवाच्या रव्यासारखे मंद आचेवर भाजायचे, कापडी पुरचुंड्यांत भरायचे आणि यंत्रांच्या मागे ठेवायचे. कढईवर तिनं रंगानं फुली मारली होती, चुकून कुणी फोडणी टाकू नये म्हणून. कानावर लावायचे हेडफोन तिनं वापरलेले घेतले, पण उत्तमातले, आणि त्यांच्या फक्त गाद्या बदलल्या. पाखरं घरटी करतात म्हणून विमानाच्या नाकातली भोकं स्पंजच्या तुकड्यांनी बुजवायची आणि त्यांना लाल फीत लावायची, म्हणजे उडण्याआधी काढायचं विसरत नाही. शनिवारी सकाळी त्या फिती वाऱ्यावर हलताना दिसल्या की मला ते विमान शाळेत निघालेल्या मुलीसारखं वाटायचं.

मी तिच्याबरोबर जायचो. ती विमानाभोवती फिरत एकेक सांधा हातानं चाचपायची, इंजिनिअरांच्या नजरेखाली तेल बदलायची. मी हँगरच्या दारात खुर्ची टाकून वाचायचो. मग ती हाक मारायची आणि मी शेजारी बसायचो. वर गेल्यावर मी काचेतून बघत राहायचो. खाली शेतांचे चौकोन, एखादा पाझर तलाव, बकऱ्यांचा कळप सांडलेल्या तिळासारखा. उंचीवर सगळं इतकं सावकाश सरकतं की आपण थांबलो आहोत आणि जमीनच कुठे तरी निघाली आहे असं वाटतं. एकदा तिनं पश्चिमेकडे बोट दाखवून म्हटलं, त्या धुक्यापलीकडे आपलं घर. दिसत काहीच नव्हतं. मी तरी बराच वेळ बघत राहिलो.

ती गेल्यावर तिन्ही हिस्सेदार पापडीला आले. नंतर मला कळलं की तिथून ते परस्पर धावपट्टीवर गेले, आणि पुण्याच्या धाकट्या भावानं विमानाच्या नाकावरच्या पंख्याला झेंडूचा हार घातला. मग झाकण घातलं आणि दोऱ्या आवळल्या. कुणी ठरवलं नव्हतं, पण तिच्या माघारी ते विमान उडवणं त्यांना प्रशस्त वाटेना. वर्ष होऊ दे, वर्षश्राद्ध झाल्यावर बघू, असं थोरला भाऊ म्हणाला. आमच्याकडे घरात माणूस गेलं की वर्षभर मंगलकार्य करत नाहीत. त्यांनी विमानालाही घरचं मानलं. मलाही ते गोड वाटलं. मी दर महिन्याला भाड्याचा वाटा भरायचो, एसटीनं तिथे जायचो, झाकणाची एक बाजू उचलून डाव्या, तिच्या खुर्चीवर बसायचो. आत कापडाचा, पेट्रोलचा आणि तापलेल्या काचेचा वास असायचा. साड्यांच्या अस्तरातून उजेड फिका लाल होऊन झिरपायचा. तिची जांभळ्या काठांची साडी नेमकी माझ्या डोक्यावर यायची. मी पुस्तक उघडायचो आणि त्याच पानावर परत मिटायचो. बाहेर चिमण्या बोलायच्या. तिथे बसलं की ती गेलेली नाही, फक्त उतरून हवामान विचारायला गेली आहे, असं वाटत राहायचं.

थंडी सरल्यावर भुईगावचे इंजिनिअर घरी आले. चहा घेतला आणि बशी खाली ठेवली.

"सर, एक बोलू? रागावू नका."

"बोला."

"आमच्यात पण पाळतात. काळं घालतात, लग्नकार्य पुढे ढकलतात. मी पण गप्प बसलो. पण इंजिनाला सुतक नसतं, सर."

मी म्हटलं, मग तुम्ही अधूनमधून चालू करून ठेवा ना, जमिनीवरच.

"ते तर अजून वाईट. जमिनीवर ते पुरतं तापत नाही. आतली ओल तशीच राहते, उलट वाढते. वर नेलं, चांगलं तास-दीड तास उडवलं, तर ओल जाते. नाही तर आत गंज धरतो. मी काल भोकातून लहान कॅमेरा घालून बघितलं."

"धरलाय?"

"पहिली लाली आलीय. अजून पुसली जाईल. पावसाळा काढला तर नाही." मग त्यांनी खरी गोष्ट सांगितली. पुण्याच्या भावांचं मन आता उडालं होतं. गंजलेलं इंजिन पुन्हा बांधायचा खर्च त्यांना नको होता. सुटे भाग विकले तर पूर्ण विमानापेक्षा जास्त येतील, असं एका दलालानं त्यांना सांगितलं होतं. पंख एकाला, यंत्रं दुसऱ्याला, चाकं तिसऱ्याला. "पण ते तुमच्या शब्दाबाहेर नाहीत. पावसाच्या आत ठरवा. उडवणारा एक माणूस आणा, मी बाकीच्यांना बघतो."

चौघांनी विमान घेतलं तेव्हा, सगळ्यांचं पटत असतानाच, तिनं करारात लिहून घेतलं होतं की हिस्सेदार गेला तर वारसानं उडवणारा माणूस आणावा, नाही तर हिस्सा बाकीच्यांना द्यावा. तेव्हा भाऊ म्हणाले होते, कशाला अभद्र बोलता. ती म्हणाली होती, मैत्री आहे तोवरच असलं लिहून होतं.

ते गेल्यावर मी दोन दिवस नुसता बसून होतो. विमान उभं राहिलं तर माझी ती लाल उजेडाची खोली राहणार होती. पण ती खोली आतून गंजत होती. दुसऱ्या कुणी त्या डाव्या खुर्चीवर बसायचं, ही कल्पना मला सहन होत नव्हती. आणि पंख एकीकडे, चाकं दुसरीकडे, ही तर त्याहून नाही.

इंजिनिअरांनीच विरारच्या एका डॉक्टरबाईंना पाठवलं. लहान मुलांच्या डॉक्टर, पस्तिशीच्या आतल्या. परवाना होता, विमान नव्हतं. तासावर भाड्यानं घेऊन उडवायच्या. त्या आल्या त्या दिवशी सासूबाई माझ्याकडे होत्या.

"तूच काय ती इमान उडवनारी?" सासूबाईंनी विचारलं. "डाक्टरीन ना तू? पोरं रडतात तेवढी पुरत नाय, आता आईबापाला पन रडवतेस?"

"आजी, आई रडते. बाबा म्हणतात, मलाही घेऊन चल."

"बापाला वजनावर घेतात का तिथं?"

"घेतात. म्हणून आधी त्यांना जिना चढायला लावलंय."

सासूबाई हसल्या. लेक गेल्यापासून मी त्यांना हसताना बघितलं नव्हतं. त्या उठून भाकरी टाकायला आत गेल्या.

डॉक्टरबाई माझ्याकडे वळल्या. "काका, खरं सांगा. हा हिस्सा परवडेल का मला?"

"नाही परवडणार."

"मग तुम्हाला कसं परवडलं?"

"परवडलं नाही. भागवलं."

"तेच सांगा मग. कसं भागवलं?"

मी सांगायला लागलो. वाटलं होतं, चार वाक्यांत संपेल. लांबची कोरडी जागा, आयती यंत्रं, आपला इंजिनिअर, पेट्रोल कोणतं चालतं ते इंजिन बनवणाऱ्यांच्या पुस्तकात वाचायचं, पंपावरच्या पोराला विचारायचं नाही. पावसाळ्यात विमान उभंच राहणार असेल तर विमा कंपनीला तसं कळवायचं, हप्ता कमी होऊ शकतो. धुवायचं ते साध्या साबणानं, गोड्या पाण्यानं, हातानं. धुताना आपला हात तडा आधी ओळखतो. दाणे कुठल्या कढईत भाजायचे तेही सांगितलं. त्या मध्ये मध्ये विचारत होत्या आणि मी उत्तरं देत होतो, आणि मला जाणवलं की मी तिच्याच आवाजात बोलतो आहे. तिचे थांबे, तिचं ते 'बघ हं'. घरात बऱ्याच महिन्यांनी ती बोलत होती.

"आणि सगळ्यात जास्त पैसे कशात वाचतात?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

तिचं उत्तर मला पाठ होतं.

"उडवण्यात," मी म्हटलं. "उभं विमान सगळ्यांत महाग."

आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. तो थांबला. सासूबाई दारात आल्या, हाताला पीठ तसंच.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "देऊन टाका. पोरीनं हवा घेतली होती. हवा काय बांधून ठेवतात?"

वैशाखात आम्ही सगळे माळावर गेलो. वर्ष व्हायला अजून अवकाश होता. पुण्याचे भाऊ आले होते. धाकट्यानं सुकलेला हार काढला, पण टाकायचा कुठे ते त्याला कळेना, म्हणून तो हातातच धरून उभा राहिला. इंजिनिअरांनी इंजिन आतून साफ केलं होतं, नवं तेल भरलं होतं. पहिल्या फेरीला ते स्वतः शेजारी बसले. डॉक्टरबाई डाव्या खुर्चीत बसल्या. उंचीनं त्या कमी, म्हणून पाठीशी उशी घ्यावी लागली. मला वाटलं होतं, मला बघवणार नाही. मी बघितलं.

विमान धावलं आणि जमिनीवरची त्याची सावली त्याच्यापासून सुटली. ते बाभळींवरून गेलं, टेकडीवरून वळलं, मग नुसता आवाज उरला, मग तोही उन्हात विरला. माळावर भुरकी धूळ बसत होती. मला तेव्हा कुणीही परत यायला हवं असं वाटत नव्हतं. वर असलेलं सगळं वरच बरं आहे असं वाटत होतं. पण ते आलं, ठरल्या वेळी, अगदी हलकं टेकलं. इंजिनिअर उतरले आणि माझ्याकडे बघून त्यांनी फक्त मान हलवली. पुण्याच्या थोरल्या भावानं तिथेच सांगितलं की सुटे भाग विकायचे नाहीत.

हिस्सा आता डॉक्टरबाईंच्या नावावर आहे. विमान शाबूत आहे आणि बहुतेक रविवारी उडतं. माझा त्यात काही भाग नाही. मी पापडीला राहतो आणि एका माणसापुरता भात लावतो.